हातचा येतो तिथून पुढे

आज मी एका संख्येबद्दल बोलणार आहे. एकाच संख्येबद्दल. आपण डोळखांबला जमलो आहोत, समोर शहापूर-मुरबाडकडची शाळकरी मुलंही दिसताहेत, म्हणून सुरुवातीलाच विनंती करतो की ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी ही संख्या लिहून घ्यावी. लिहायला सोपी आहे. एकपासून नऊपर्यंत चढत जा आणि तशाच पायऱ्यांनी एकपर्यंत उतरा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक झाले. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. आपण रोज कोटीपर्यंत मोजतो, फार तर अब्ज म्हणतो. पण भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत एकं, दहं, शतंपासून अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या यादीत अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध येतात. आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या स्थानावर, म्हणजे मध्य या स्थानावर बसतो. परार्धाच्या एक पायरी अलीकडे. संख्या किती मोठी आहे याचा अंदाज हवा असेल तर असं समजा की दर सेकंदाला एक या गतीने कुणीतरी मोजायला बसलं. मोजणी संपायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आपल्या माहुलीचा आणि आजोबाच्या डोंगराचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. म्हणजे त्या डोंगरांच्या वयाच्या जवळजवळ सहापट.

पण मोठेपणा हा या संख्येचा मोठा गुण नाही. हिच्याहून मोठी संख्या कुणीही एक मिळवून तयार करील. मला विचारायचं आहे ते वेगळं. अंकांची ही चढण-उतरण आपल्याला इतकी देखणी वाटते, ती नुसती देखणी आहे की तिच्यामागे नियम आहे? आणि नियम असेल तर तो कुठे दिसतो? माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. या संख्येचा खरा नियम तिच्या देखणेपणात दिसत नाही. हा देखणेपणा जिथे मोडतो, तिथे गेल्यावर तो दिसतो.

प्रथम ही संख्या येते कुठून ते पाहू. नऊ एक ओळीने लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. शाळेत गुणाकार मांडतो तसाच मांडा. गुणकातला प्रत्येक अंक एक असल्यामुळे प्रत्येक ओळीत पुन्हा नऊ एकच येतात, फक्त प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी एकाखाली एक मांडल्या की एकक स्थानाच्या उभ्या रांगेत एकच एक असतो, दशक स्थानी दोन, शतक स्थानी तीन, असं वाढत नवव्या रांगेत नऊ एक येतात. नंतर ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा अशी उतरण लागते. बेरीज करताना एकदाही हातचा येत नाही, कारण कोणत्याच रांगेत नवाहून जास्त एक नाहीत. म्हणून रांगेत जितके एक, तितकाच अंक खाली उतरतो. आपल्या संख्येचे अंक म्हणजे त्या मांडणीतल्या रांगांची उंची आहे. त्यातून आणखी एक गोष्ट आपोआप कळते. नऊ ओळींत नऊ-नऊ एक, म्हणजे एकंदर ८१ एक मांडले होते. त्यातला एकही हरवला नाही. म्हणून संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते. बेरीज करून पाहायची गरजच उरत नाही.

हिच्या धाकट्या बहिणीही अशाच आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नवापर्यंत हे सुरळीत चालतं. दहा एक घेतले की काय होतं? ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. चढणीतला आठ गायब झाला, मधे दोन शून्यं आली, चढण आणि उतरण जुळेनाशी झाली. अंक झाले एकोणीस, म्हणजे भास्कराचार्यांच्या अठरा स्थानांच्याही बाहेर. बहुतेक पुस्तकं आणि बहुतेक वर्ग इथे थांबतात. नवापर्यंत गंमत होती, पुढे ती संपली, असं म्हणून पान उलटतात. श्रोतेहो, आज आपण पान उलटायचं नाही.

या संख्यांचा आपल्या या मुलखाशी जवळचा संबंध आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मले. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. शाळा ठाण्याला, महाविद्यालय पुण्याचं फर्ग्युसन. विद्यार्थी असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, आणि संख्यांचा ध्यास मात्र आयुष्यभराचा. जगाला ते माहीत आहेत ते ६१७४ मुळे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तराला पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामावर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोचलं. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी संख्यांचा आणखी एक वर्ग शोधून त्याचं नामकरण केलं होतं. ती कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्थानकावर सुचली आणि त्या स्थानकाचं नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं: डेमलो. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. डोंबिवली आणि देवळाली एकाच लोहमार्गावर आहेत, आणि आपलं आसनगाव त्या दोहोंच्या मधे आहे. आपण ज्या मार्गाने ये-जा करतो त्या मार्गावरच्या एका स्थानकाचं नाव गणिताच्या कोशांत आहे. हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं.

डेमलो संख्या म्हणजे काय? जिचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडतात, मधल्या भागात एकच अंक असतो किंवा तोच पुन्हा पुन्हा येतो, आणि डावा व उजवा भाग मिळवले की त्याच अंकाची आवृत्ती मिळते, ती डेमलो संख्या. १६६५ घ्या. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मधे ६६. एकांच्या वर्गांना कापरेकरांनी ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटलं आणि १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. आपल्या संख्येचे तीन भाग पाडा. डावीकडे १२३४५६७८, मधे ९, उजवीकडे ८७६५४३२१. कडेच्या दोन भागांची बेरीज ९९९९९९९९. फक्त नऊच नऊ. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४, आणि मधे ४. कापरेकरांचं मोठेपण मला इथे दिसतं. चढण-उतरण दिसायला सगळ्यांनाच दिसते. ती पाहून खूष होणं वेगळं, आणि तिचे तुकडे पाडून त्यांच्या बेरजेचा नियम मांडणं वेगळं. चित्र पाहिलं की डोळे निवतात. नियम मांडला की पुढचा प्रश्न विचारता येतो. हा नियम दहाव्या पायरीवर टिकतो का?

तो प्रश्न आपण विचारणारच आहोत. पण त्याआधी एका मोठ्या आक्षेपाला तोंड दिलं पाहिजे, कारण आक्षेप घेणारा माणूस सामान्य नाही. जी. एच. हार्डी हे विसाव्या शतकातले थोर गणिती. रामानुजनची प्रतिभा ओळखून त्याला केंब्रिजला बोलावणारे ते हेच. ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे त्यांचं पुस्तक १९४० साली, कापरेकरांच्या लेखानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालं. त्यात ते एक उदाहरण देतात. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा आहेत की ज्या आपल्याच उलट्या लिहिलेल्या रूपाच्या पटीत असतात. २१७८ ची चौपट ८७१२, आणि १०८९ ची नऊपट ९८०१. हार्डींचं म्हणणं असं की अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतील, हौशी माणसाला त्यात मौज वाटेल, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही. का? कारण त्यांना व्यापकता नाही आणि खोली नाही. एका सुट्या वस्तुस्थितीपलीकडे त्या काही सांगत नाहीत.

हार्डींची कसोटी मला मान्य आहे. अगदी पूर्ण मान्य आहे. एखादा गुणधर्म व्यापक आहे का, आणि त्याचं कारण सांगता येतं का, हेच विचारायला हवं. मला अमान्य आहे ती कसोटी लावण्याआधीच निकाल देण्याची घाई. त्यांचंच उदाहरण पाहा. १०८९ च्या मधे एक नऊ घाला, १०९८९ झाले. त्याला नवाने गुणा, ९८९०१ येतात. पुन्हा एक नऊ घाला, १०९९८९ ची नऊपट ९८९९०१. म्हणजे जी संख्या सुटी म्हणून बाजूला टाकली तिच्यामागे कधी न संपणारी रांग उभी होती. एका उदाहरणावरून थोरांना खोटं पाडण्याचा माझा हेतू नाही. हार्डींनी चार अंकांची मर्यादा घातली होती आणि त्या मर्यादेत ते बरोबरच होते. पण मर्यादा आपणच घालायची आणि मग व्यापकता नाही म्हणायचं, यात संख्येवर अन्याय होतो. तर मग आपल्या सतरा अंकी संख्येला हार्डींचीच कसोटी लावू या. निष्ठुरपणे लावू या. जे टिकणार नाही ते सोडून देऊ.

सोडून देण्यासारखं आहेच. १११११११११ चे अवयव पाडले तर ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७ असे येतात, आणि ३, ३७, ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत. तेव्हा तिच्या वर्गाला बरोबर ४५ विभाजक आहेत. आणि एकपासून नऊपर्यंतच्या अंकांची बेरीजही ४५! किती सुंदर वाटतं. १२१ लाही हे लागू पडतं, तिचे विभाजक तीन आणि एक अधिक दोन म्हणजे तीन. पण १२३२१ पाहा. तिचे विभाजक नऊ, आणि एक, दोन, तीनची बेरीज सहा. जुळलं नाही. ४५ चा हा मेळ योगायोग आहे. मोठ्या संख्येकडे बराच वेळ पाहत बसलं की असे मेळ सापडतातच. अंकशास्त्री म्हणवणारे लोक ज्यावर पोट भरतात ते हेच. योगायोगाला गुणधर्म म्हणायचं नाही, एवढी शिस्त ज्याला पाळता येईल त्याने खुशाल संख्यांवर प्रेम करावं.

दुसरा गुण थोडा अधिक टिकाऊ आहे. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने भागली जाते तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने ती पूर्ण भागली जाते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. पण नऊ बहिणींपैकी हर्षद किती? १, १२३२१ आणि ही. फक्त तीन. चार एकांच्या वर्गाची अंकबेरीज १६, आणि एकात संपणारी विषम संख्या १६ ने भागली जाणार कशी? पाच एकांची २५, तीही नाही. सात एकांची ४९, पण सात एकांच्या संख्येला सातने भाग जात नाही, म्हणून तीही बाद. उरतात एक, तीन आणि नऊ. तीनचे घात. याला कारण आहे, कारण तीनच्या घाताइतके एक लिहिले की त्या संख्येला तो घात नेमका भागतो. २७ एक लिहा, ती २७ ने भागली जाईल. म्हणजे इथे योगायोग नाही, पण अर्धाच नियम आहे. भागाकार पुढेही चालू राहतो, अंकांची बेरीज मात्र हातचा येऊ लागला की साथ सोडते.

आणि आता तिसरा गुण, ज्यासाठी मी इतका वेळ घेतला. आपल्या संख्येचे दोनच भाग पाडा. उजवीकडचे नऊ अंक एका भागात, उरलेले डावीकडे. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. हीच गोष्ट मघाशी डेमलोच्या रूपात पाहिली, फक्त मधला नऊ उजव्या भागात घेतला. सात एकांच्या वर्गाचे १२३४५६ आणि ७६५४३२१ असे भाग केले तर ७७७७७७७ मिळतात. जितके एक, त्या अंकाची तितकीच आवृत्ती. आता दहाव्या पायरीवर जा. जिथे चित्र मोडलं होतं तिथे. १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ यांची बेरीज करा. करा बेरीज! ११११११११११. दहा एक. ज्या संख्येचा वर्ग केला होता तीच संख्या परत आली.

श्रोतेहो, ही साधी गोष्ट नाही. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग मिळवले की मूळ संख्या परत मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. अशा संख्या विरळ असतात. नऊ एकांची रांग कापरेकर संख्या नाही, दोन एकांची नाही, पाच एकांची नाही. दहा एकांची आहे. ज्या पायरीला आपण मोडलेली समजलो, तिथेच एकांच्या रांगेला हा मान मिळाला. अकरा एक घेऊन पाहा. वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. भाग १२३४५६७९०१ आणि २०९८७६५४३२१. बेरीज अकरा दोन. बाराला तीन येतील, अठराला पुन्हा नऊ, आणि एकोणीसला पुन्हा एक. नियम एका घराचाही खंड न पडता चालू आहे.

का चालू आहे? याचं उत्तर आपल्या आजी-आजोबांना माहीत होतं. हिशेब तपासताना नवाचा ताळा पाहायचे. संख्येच्या अंकांची बेरीज केली की नवाने भागून जी बाकी उरते ती कायम राहते. हातचा आला तर? हातचा आला म्हणजे दहा एक एका घरातून गेले आणि शेजारच्या घरात एकच एक होऊन बसले. अंकांच्या बेरजेतून नऊ कमी झाले. नेमके नऊ, ना कमी ना जास्त. दहा ओळींच्या मांडणीत शंभर एक होते आणि उत्तराच्या अंकांची बेरीज ८२ येते. अठरा कमी. म्हणजे हातचा बरोबर दोनदा आला. प्रत्येक हातचा नऊ गिळतो, आणि नवाच्या ताळ्याला गेलेले नऊ दिसतच नाहीत. डोळ्यांना जी मोडतोड दिसते ती ताळ्याच्या लेखी झालेलीच नाही. आपण दोन भाग मिळवले तेव्हा हाच ताळा मोठ्या प्रमाणावर पाहिला. एका नवाऐवजी नऊ नवांचा. ९९९९९९९९९ ने भागताना १०००००००००ची बाकी १ उरते, म्हणून डावा भाग उचलून उजव्यात मिळवला तरी बाकी बदलत नाही. आता, ९९९९९९९९९ म्हणजे नऊ गुणिले १११११११११. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की एकांच्या संख्येला नवाने भागल्यावर काय उरतं. नऊ एकांची बेरीज नऊ, बाकी शून्य. म्हणून आपली संख्या ९९९९९९९९९ ने पूर्ण भागली जाते, भागाकार १२३४५६७९ येतो, आणि दोन भागांची बेरीज ९९९९९९९९९ च असावी लागते. तिची दुप्पट होऊ शकत नाही, कारण डावा भाग जेमतेम सव्वा कोटीचा आहे. दहा एकांची बेरीज दहा, बाकी एक, म्हणून उत्तरात एकच एक. संपूर्ण कारण एवढंच. हार्डींना हवी असलेली व्यापकता यात आहे आणि कारणही आहे. आणि ते कारण डोळखांबच्या शाळेतल्या मुलालाही समजण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं दहाच्या पायावर लिहिण्यामुळे घडतं. माणसाला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहात मोजतो. बारा बोटं असती तर ही संख्या अशी दिसलीच नसती. मग हा संख्येचा गुण, की लिखाणाचा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर करून पाहिल्यावरच मिळतं. बाराच्या पायावर लिहा. तिथे अकरा एकांपर्यंत चढण-उतरण टिकेल, बाराव्याला मोडेल. आठच्या पायावर सातापर्यंत टिकेल. मोडण्याची जागा पायाप्रमाणे बदलते. पण नियम? बाराच्या पायावर ताळा अकराचा पाहायचा, आठच्या पायावर सातचा, बाकी सारं तसंच. दहाच्या पायावर दहा एकांना जो मान, तो आठच्या पायावर आठ एकांना मिळतो. १२१ ही मांडणी तर दोनपेक्षा मोठ्या कोणत्याही पायावर वर्गसंख्याच असते. म्हणजे पाया बदलून पाहिला की आपल्याला कळतं की लिखाणाचं काय आणि संख्येचं काय. चित्र लिखाणाचं आहे. नियम लिखाणाच्या खालचा आहे. तोही पटत नसेल तर लिखाण बाजूलाच ठेवा आणि दोन फासे घ्या. दोन फाशांची बेरीज दोन एकाच प्रकारे पडते, तीन दोन प्रकारांनी, चार तीन प्रकारांनी, सात सहा प्रकारांनी, आणि मग उतरत बारा एका प्रकाराने. १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. हे सहा एकांच्या वर्गाचे अंक आहेत, १२३४५६५४३२१. नऊ तोंडांचे फासे असते तर आपली सतरा अंकी संख्या मिळाली असती. फाशांना दशमान पद्धत ठाऊक नाही.

आणि हे १२३४५६५४३२१ आपल्याकडे किती जुनं आहे! नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. आपला महाराष्ट्रही तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. त्या ग्रंथात ही संख्या एकपासून सहापर्यंत चढणारी आणि क्रमाने उतरणारी अशा वर्णनाने आली आहे. गुणाकारातून तयार होणाऱ्या डौलदार संख्यांना तिथे गळ्यातल्या दागिन्याची उपमा दिली आहे. डेमलोच्या हजारभर वर्षं आधी याच घाटणीच्या संख्येवर कुणीतरी थबकलं होतं. कापरेकर एकटे नव्हते. आपण त्यांना एकाकी, विक्षिप्त शिक्षक ठरवतो तेव्हा ही परंपरा विसरतो.

उरला उपयोगाचा प्रश्न. तो नेहमी येतो आणि येऊ द्यावा. एक उत्तर असं की या संख्येचे अवयव आवर्ती दशांश अपूर्णांकांच्या मुळाशी आहेत. ३७ ला २७ ने गुणलं तर ९९९, म्हणून १ भागिले ३७ मध्ये तीन अंकांची आवृत्ती येते. ३३३६६७ ला २९९७ ने गुणलं तर ९९९९९९९९९, म्हणून तिथे नऊ अंकांची. १ भागिले ८१ केलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालत राहतं, आणि इथेही आठ गायब आहे. दहा एकांच्या वर्गातून तो ज्या कारणाने गेला त्याच कारणाने. दहाव्या घरात आलेला हातचा नवाला शून्य करतो, आणि नवाचा हातचा आठाला नऊ करतो. दुसरं उत्तर अधिक आजचं आहे. ही संख्या संगणकावर एक्सेलच्या चौकटीत टाका. तो १२३४५६७८९८७६५४३०० असं धरून बसेल, कारण तो पंधरा अंकांपुढे नेमके अंक ठेवत नाही. दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे, संगणकातल्या दशांश संख्यांच्या नेहमीच्या साठवणीत प्रत्येक पूर्णांक मावत नाही. आपली संख्या त्या सीमेपलीकडची आहे आणि विषम आहे, तिथे सम तेवढ्याच मावतात. मोठ्या संख्या जपण्यासाठी वेगळी आज्ञावली वापरावी लागते. बँकेचे, आधारचे, परीक्षेच्या बैठक क्रमांकांचे आकडे हाताळणाऱ्या मुलांना हे ठाऊक असणं गरजेचं आहे. यंत्राने दिलेलं उत्तर चुकलं हे कळायला आधी खरं उत्तर कसं असायला हवं ते कळावं लागतं, आणि ते नवाच्या ताळ्याने कळतं. एक्सेलच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ७८ येते. नवाने भागल्यावर बाकी सहा. खऱ्या संख्येची शून्य.

इथपर्यंत आपण वर्गाचा नियम शेवटपर्यंत नेला. त्याच्या मुळाशी असलेल्या एकांच्या रांगांचा मात्र सगळा ठाव लागलेला नाही. नऊ एकांचे अवयव पडतात, दहा एकांचे ११, ४१, २७१ आणि ९०९१ असे पडतात. दोन एकांची संख्या मूळ आहे, आणि मग थेट एकोणीस एकांची. म्हणजे एकोणीस एकांची संख्या कापरेकर संख्याही आहे आणि मूळ संख्याही. त्यानंतर तेवीस एकांची मूळ, नंतर ३१७ एकांची, नंतर १०३१ एकांची. अशा मूळ रांगा कुठे तरी संपतात, की कधीच संपत नाहीत? आजतागायत हे कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.